रुपयातली चांदी

दिवाळीत लक्ष्मीपूजनाच्या ताटात जे पांढरं नाणं ठेवतात, त्याला घरातले सगळे चांदीचं म्हणतात. बरेचदा ते चांदीचं नसतं. जुनं असतं, जड असतं, त्यावर राजाचं डोकं किंवा अशोकस्तंभ असतो आणि पिढ्यानपिढ्या ते देवघरातल्या डबीत राहिलेलं असतं, एवढ्यावर त्याला चांदीचा मान मिळतो. उलटही घडतं. मळकट, काळपट पडलेला खराखुरा चांदीचा रुपया जुन्या चिल्लरीच्या पुरचुंडीत आण्या-दिडक्यांबरोबर पडून राहतो आणि एक दिवस मोडीत वजनावर जातो. दोन्ही चुका टाळता येतात. त्यासाठी नाण्यावर ओरखडा काढावा लागत नाही आणि दुकानात जाण्याआधीच घरी पुष्कळ काही कळतं.

पहिली गोष्ट म्हणजे नाण्यावरचं साल वाचा. चुंबक, तेजाब, आवाज हे सगळं नंतर. आपल्याकडच्या रुपयात चांदी किती, हे जवळजवळ पूर्णपणे तो कोणत्या साली पाडला यावर ठरतं. १९३९ ते १९४७ या आठ वर्षांत रुपयाचा धातू दोनदा बदलला. त्या बदलांची हकीगत ठाऊक असली की निम्मं काम तिथेच होतं.

ईस्ट इंडिया कंपनीने १८३५ साली सगळ्या मुलखासाठी एकच रुपया ठरवला. वजन १८० ग्रेन, म्हणजे बरोबर एक तोळा, आजच्या मापात ११.६६ ग्रॅम. बारा भागांत अकरा भाग चांदी आणि एक भाग तांबं. म्हणजे रुपयात १६५ ग्रेन, सुमारे १०.६९ ग्रॅम, शुद्ध चांदी. विल्यमचा रुपया, राणीछाप रुपया, एडवर्डचा, पंचम जॉर्जचा, असे चेहरे बदलत गेले, पण हे प्रमाण शंभर वर्षांवर टिकलं. म्हणूनच जुन्या घरांतून तोळ्याचं वजन हाताशी नसलं तर तराजूत सरळ रुपया टाकत. अर्धा रुपया म्हणजे अर्धा तोळा, पावली म्हणजे पाव तोळा. नाण्याच्या किमतीचा मोठा भाग त्याच्या अंगातच होता, आणि लोकांचा विश्वास होता तो त्या अंगावर.

हा विश्वास पहिल्यांदा हलला पहिल्या महायुद्धात. चांदीचा भाव इतका चढला की रुपया वितळवून विकणं परवडू लागलं. सरकारने ३० नोव्हेंबर १९१७ रोजी एक रुपयाची कागदी नोट काढली. अमेरिकेने १९१८ मध्ये पिटमन कायदा करून आपल्या खजिन्यातले सत्तावीस कोटींहून अधिक चांदीचे डॉलर वितळवले आणि त्यातली बहुतेक चांदी ब्रिटनमार्फत हिंदुस्थानच्या टांकसाळींकडे आली. रुपया वाचला, पण लहान नाणी वाचली नाहीत. चांदीची गोल दोन आणेली १९१७ नंतर बंद झाली आणि १९१८ पासून तांबं-निकेलच्या मिश्रधातूची चौकोनी दोन आणेली आली. चार आण्याचं आठ कोनांचं आणि आठ आण्याचं गोल नाणंही त्याच मिश्रधातूत थोडा काळ निघालं. त्यामुळे डबीत १९१९ चं आठ आण्याचं नाणं सापडलं तर साल जुनं म्हणून त्याला चांदीचं समजू नका. तेव्हाचा अर्धा रुपया ५.८३ ग्रॅमचा, हे नाणं त्याच्यापेक्षा चांगलंच जड आहे.

दुसरं महायुद्ध मात्र रुपयालाच भोवलं. १९४० च्या उन्हाळ्यात फ्रान्स पडला आणि लोकांनी नोटा देऊन चांदीचे रुपये घ्यायला सुरुवात केली. रुपये घरात गेले ते बाहेर येईनात. सरकारने गरजेपेक्षा जास्त नाणी जमवणं गुन्हा ठरवलं, पुन्हा एक रुपयाची नोट आणली आणि रुपयाचा धातूच बदलला. नवा रुपया चार धातूंचा होता. निम्मी चांदी, ४० टक्के तांबं, ५ टक्के निकेल आणि ५ टक्के जस्त. वजन तेच ठेवलं, चेहरा सहाव्या जॉर्जचाच ठेवला, मागची वेलबुट्टी आणि ‘वन रुपी इंडिया’ ही अक्षरंही तशीच. १९४१ ते १९४३ या काळात जुने, भरपूर चांदीचे रुपये एकामागून एक चलनातून काढून घेतले. आधी राणीचे, मग एडवर्डचे, मग दोन्ही जॉर्जचे. हलकं नाणं चालू लागलं की कसदार नाणं पेटीत जाऊन बसतं, हा अर्थशास्त्रातला जुना नियम. त्यामुळे पुष्कळ रुपये सरकारकडे परत गेलेच नाहीत. आज आपल्या हाती येतात ते हेच.

युद्धाच्या शेवटी शेवटी ही निम्मी चांदीही कमी पडू लागली. अमेरिकेने लेंड-लीज योजनेखाली हिंदुस्थानला साडेबावीस कोटी औंसांहून अधिक चांदी दिली, ती उसनी होती आणि चांदीच्याच रूपात परत करायची होती. स्वातंत्र्यानंतर ती फेड करताना १९४० ते १९४५ चे तेच चौधातू रुपये चलनातून गोळा करून कलकत्त्याला अलिपूरच्या शुद्धीकरण कारखान्यात वितळवले गेले, त्यांतली चांदी वेगळी काढली गेली. लोकांच्या खिशात फिरलेला रुपया असा देशाचं कर्ज फेडायला गेला, ही मला या सगळ्या इतिहासातली सर्वांत लक्षात राहणारी गोष्ट वाटते. १९४६ मध्ये आठ आणे आणि चार आणे, आणि १९४७ मध्ये रुपया, शुद्ध निकेलचा झाला. त्यावर मागे वाघ आहे. वाघ दिसला की चांदीचा विचार सोडून द्यावा.

म्हणजे रुपयापुरता हिशेब असा. १९३९ पर्यंत ९१.७ टक्के चांदी, १९४० ते १९४५ पन्नास टक्के, १९४७ पासून शून्य. १९२३ ते १९३७ या सालांचे रुपये चलनासाठी पाडलेच नव्हते, तेव्हा कुणी १९३० चा रुपया दाखवला तर आधी शंका घ्यावी. १८६२ चा राणीछाप रुपया मात्र भरपूर सापडतो, कारण ते साल पुढे बारा-तेरा वर्षं तसंच छापलं जात होतं आणि खरं वर्ष सूक्ष्म ठिपक्यांनी दाखवत. १९३९ चा रुपया दुर्मिळ मानतात, म्हणून त्याच्या नकला आणि १९३८ चा आठ खोडून नऊ केलेले रुपये बाजारात फिरतात. त्यातला शेवटचा आकडा भिंगाखाली नीट पाहिल्याशिवाय पैसे मोजू नयेत.

आता एक १९१९ चा आणि एक १९४४ चा रुपया शेजारी ठेवून पाहू. समोरून दोन्हींवर मुकुट घातलेला जॉर्ज, मागे वेलबुट्टीच्या चौकटीत इंग्रजी अक्षरं, खाली उर्दूत ‘यक रुपया’. लांबून पाहिलं तर भाऊ-भाऊ. नाणं चिमटीत उभं धरून कडेकडे पाहा. १९१९ च्या कडेवर उभ्या खाचा आहेत, एका धारेपासून दुसऱ्या धारेपर्यंत सरळ. १९४४ च्या कडेवरही खाचा आहेत, पण त्यांच्या मधोमध सबंध कडेभर एक बारीक खोलगट पट्टी फिरते आणि त्या पट्टीत नक्षी कोरलेली आहे. नकली रुपये ओतणाऱ्यांना ही कड जमू नये म्हणून १९४० मध्ये ती आणली. आज तिचा उपयोग वेगळाच होतो. साल झिजून पुसलं असलं तरी कडेवर अशी पट्टी दिसली की रुपयात निम्मी चांदी आहे हे समजतं. १९४७ च्या निकेलच्या रुपयालाही ती पट्टी आहे, पण तिथे वाघ आहेच.

रंगातही फरक पडतो, मात्र नव्या नाण्यात तो दिसत नाही. चौधातू रुपया टांकसाळीतून बाहेर पडताना पांढराशुभ्र असे, निकेल आणि जस्त घातलं होतं तेही रंग राखायला. पुष्कळ वापरलेल्या नाण्यात राजाच्या गालाचा, केसांचा उंच भाग झिजतो आणि तिथे पिवळसर झाक येते. १९१९ च्या रुपयात झिजलेला गालही पांढराच राहतो आणि खोलगट जागी, अक्षरांच्या कोपऱ्यांत, काळा किंवा निळसर-करडा थर बसतो. हा थर हवेतल्या गंधकामुळे होतो, चांदीचा सल्फाइड. निकेलवर तो तसा येत नाही. जुनं, कधीही न घासलेलं नाणं खोबणीत काळं आणि उंचवट्यावर मऊ पांढरं दिसत असेल तर ते चांदीचं असण्याची शक्यता चांगली. अगदी सबंध नाणं आरशासारखं चकाकत असेल, तर एकतर ते घासलंय किंवा वर नुसतं पाणी चढवलंय.

चुंबकाबद्दल लोकांच्या मनात भलता विश्वास आहे. चुंबकाला चिकटलं तर नाणं चांदीचं नाही, हे बहुतेकदा बरोबर. पण चिकटलं नाही म्हणजे चांदीचं, हे साफ चूक. निकेल चुंबकाला चिकटतं, त्यामुळे १९४७ चा वाघवाला रुपया, १९५० पासूनचे अशोकस्तंभाचे रुपये, अर्धे रुपये, पुढची निकेलची पन्नास आणि पंचवीस पैशांची नाणी चुंबकाने लगेच उचलली जातात. १९९२ पासूनचा पोलादी रुपयाही चिकटतो. पण १९७५ पासून पोलादी रुपया येईपर्यंतचा रुपया, जुने दोन आणि पाच रुपये तांबं-निकेलचे आहेत. त्यांत तीन भाग तांबं आणि एक भाग निकेल असतं आणि तांब्याच्या इतक्या मोठ्या भागात निकेलचं चुंबकत्व मरतं. ते चिकटत नाहीत. जर्मन सिल्व्हरही चिकटत नाही. नावात सिल्व्हर असलेला हा धातू तांबं, निकेल आणि जस्त यांचा असतो, त्यात चांदीचा कणही नसतो. समया, ताटं, करंड्यांबरोबर त्याची देवीची नाणीही विकली जातात.

चुंबक थोडा हुशारीने वापरला तर मात्र तो बरंच सांगतो. हार्ड डिस्कमधून किंवा बाजारातून आणलेला छोटा पण जबर निओडायमियम चुंबक घ्या. नाणं तिरकं धरून त्याच्या पृष्ठावरून चुंबक सोडा. चांदीत वीज फार सहज वाहते, त्यामुळे सरकत्या चुंबकाखाली तिच्यात भोवरे प्रवाह तयार होतात आणि ते चुंबकाला मागे ओढतात. चांदीवर तो संथ, जणू तुपातून उतरावा तसा उतरतो. तांबं-निकेलवर घसरून पटकन पडतो. बर्फाच्या खड्याचाही असाच उपयोग होतो. उष्णता वाहून नेण्यात चांदी सगळ्या धातूंत पहिली, म्हणून चांदीच्या नाण्यावर ठेवलेला बर्फाचा खडा डोळ्यांदेखत वितळू लागतो आणि तांबं-निकेलच्या नाण्यावर बराच वेळ तसाच बसतो. या दोन्ही युक्त्या तांब्याच्या गाभ्यावर चांदीचं पाणी दिलेल्या नकली नाण्याला मात्र पकडत नाहीत, कारण तांबं या बाबतीत चांदीच्या अगदी पाठोपाठ आहे.

मग वजन. इथे एक सापळा आहे. १९४७ आणि १९५० चे निकेलचे रुपये मुद्दाम जुन्याच वजनाचे, एका तोळ्याचे ठेवले होते. म्हणून तराजूत घातलं तर काहीच कळत नाही. त्यांचा व्यास २८ मिलिमीटर आहे आणि चांदीच्या रुपयाचा साडेतीस. अडीच मिलिमीटर डोळ्याला फार वाटत नाहीत, पण नाण्यावर नाणं ठेवलं की कड स्पष्ट बाहेर दिसते. वजन कामी येतं ते दुसऱ्या बाजूने. खरा रुपया झिजून ११.५ किंवा ११.४ ग्रॅमवर येतो, त्याहून फार खाली येत नाही, कारण झिजलेले रुपये सरकार काढून घेई. साडेदहा ग्रॅमचा, अक्षरं टोकदार असलेला, जराही न झिजलेला राणीछाप रुपया कुणी दाखवला तर तो ओतलेला आहे असं समजायला हरकत नाही.

या सगळ्यात माझा सर्वांत जास्त भरवसा आहे पाण्याच्या कसोटीवर. आर्किमिडीजच्या नावाने शाळेत शिकवतात तीच. तिला खर्च नाही, नाण्याला इजा नाही आणि ती चांदीचं प्रमाणसुद्धा सांगते. लागतो फक्त ग्रॅमच्या शंभराव्या भागापर्यंत मोजणारा खिशातला वजनकाटा. आधी नाणं कोरडं असताना वजन करा. मग काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्यावर आणा. नाण्याला बारीक शिवणदोरा बांधा आणि ते पाण्यात पूर्ण बुडेल, पण तळाला किंवा बाजूला टेकणार नाही असं हातानेच अधांतरी धरा. नाण्याला चिकटलेले बुडबुडे झटकून टाका. काट्यावर जो आकडा येईल तो नाण्याने बाजूला सारलेल्या पाण्याचा. कोरड्या वजनाला त्या आकड्याने भागलं की नाण्याची घनता मिळते.

१९१९ च्या रुपयाचं कोरडं वजन ११.६० भरलं आणि पाण्यातला आकडा १.१२ आला, तर भागाकार १०.३६. शुद्ध चांदीची घनता १०.४९, तांब्याची ८.९६, आणि अकरा-एक मिश्रणाची साधारण १०.३४. जमलं. १९४४ च्या रुपयाचे आकडे ११.५५ आणि १.२१ आले, भागाकार साडेनऊच्या जरा वर, चौधातू मिश्रणाला तंतोतंत शोभणारा. निकेलचा रुपया असता तर पाण्यातला आकडा १.३० च्या आसपास आला असता आणि घनता ८.९. जर्मन सिल्व्हर त्याहून खाली, साडेआठ-पावणेनऊ. नाणं किती झिजलं याचा या भागाकारावर काही परिणाम होत नाही, हे त्याचं मोठं बळ.

लहान नाण्यांसाठी मात्र ही पद्धत थेट वापरू नये. चांदीच्या दोन आणेलीचं वजन जेमतेम १.४६ ग्रॅम, ती बाजूला सारते ०.१४ ग्रॅम पाणी. काट्याची एका शतांशाची चूक झाली तरी उत्तर दहाच्या खाली किंवा अकराच्या जवळ जातं आणि मग ते निरर्थक. त्याच जातीच्या सात-आठ दोन आणेल्या असतील तर त्या एकत्र बांधून एकदमच मोजाव्यात. दागिन्यासाठी कडी डागलेल्या नाण्यांचंही तसंच. लमाणी बायकांच्या अंगावर रुपयांच्या माळा असतात, गावोगावी जुन्या माळांत कड्या लावलेले रुपये मिळतात. डाग देताना घातलेला धातू वजनात आणि घनतेत दोन्हीकडे मिसळतो, म्हणून तिथे साल आणि कड यांवरच अवलंबून राहावं.

शिसं मात्र घनतेलाही फसवू शकतं. शिशाची घनता चांदीहून जास्त आहे, त्यामुळे शिशात हलका धातू योग्य मापात मिसळून दहाच्या आसपास आणता येतं. इथे जुन्या लोकांची नाणं वाजवून घ्यायची सवय उपयोगी पडते. रुपया बोटाच्या टोकावर तोलून दुसऱ्या नाण्याच्या कडेने हलकेच मारा. चांदीचा रुपया खणखणीत आणि लांब वाजतो, नाद काही क्षण कानात राहतो. शिशाचं किंवा ओतलेलं नाणं बद्द वाजतं आणि तिथेच थांबतं. चौधातू रुपयाही वाजतो, पण आवाज जरा चढा आणि आखूड. एकदा खात्रीचा रुपया वाजवून कानाला ओळख करून द्यावी, मग फरक कळतो. बारीक तडा गेलेलं खरं नाणंही बद्द वाजतं, हे ध्यानात असू द्यावं. आजकाल मोबाइलवर आवाजाची कंपनसंख्या मोजून नाणं ओळखणारी अॅप मिळतात. ती शुद्ध चांदीच्या नव्या, ठरावीक मापाच्या नाण्यांसाठी ठीक आहेत, झिजलेल्या जुन्या रुपयासाठी कानच बरा.

सराफाकडे न्यायची वेळ आली तर तिथे तीन गोष्टी होतात. काही जण नाणं कसोटीच्या दगडावर घासून त्या रेघेवर तेजाब टाकतात. काही जण नाण्याच्या कडेला कानस लावून तिथेच तेजाब टाकतात. आणि मोठ्या पेढ्यांत क्ष-किरणांचं यंत्र असतं, ज्यावर नाणं ठेवलं की पडद्यावर धातूंची टक्केवारी येते. पहिल्या दोन पद्धतींनी नाण्यावर कायमची खूण राहते. मोडीतच घालायचं असेल तर चालेल, पण दुर्मिळ साल असेल तर त्या एका ओरखड्याने संग्राहकाच्या दृष्टीने त्याची किंमत निम्म्यावर येऊ शकते. यंत्राने इजा होत नाही, पण ते नाण्याच्या फक्त पृष्ठभागाचा पातळ थर वाचतं. चांदीचं जाड पाणी चढवलेलं तांब्याचं नाणं त्याला चांदीचं वाटू शकतं. यंत्राचा आकडा आणि पाण्याचा भागाकार दोन्ही जुळले तरच निश्चिंत व्हावं.

महाराष्ट्रातल्या घरांत फक्त ब्रिटिश रुपयेच नसतात. मराठवाडा निजामाच्या राज्यात होता आणि तिथे हाली सिक्का चाले, चारमिनारची छाप असलेला. त्याचं वजन सुमारे ११.१८ ग्रॅम आणि चांदी ८१.८ टक्के, म्हणजे ब्रिटिश रुपयापेक्षा कमी, म्हणून सात हालींना सहा कलदार, म्हणजे ब्रिटिश रुपये, असा साधारण भाव असे. त्यावरचं साल हिजरी असतं. दुसऱ्या महायुद्धात हाली रुपयातलीही चांदी पन्नास टक्क्यांवर आली. औरंगाबाद, बीड, नांदेडकडच्या पेट्यांत हे हमखास मिळतात आणि ब्रिटिश रुपयाच्या घनतेशी जुळत नाहीत म्हणून त्यांना खोटं ठरवलं जातं. ते खोटे नाहीत, त्यांचं प्रमाणच निराळं.

गोव्यातला प्रकार आणखी फसवा आहे. पोर्तुगीज राजवटीतली १९४७ ची रुपिया निम्म्या चांदीची आणि १९५२ ची तांबं-निकेलची. दोन्हींवर तीच चिन्हं, दोन्हींचं वजन बारा ग्रॅम. १९५२ ची नाणी गोव्याच्या बाजारांत चांदीची म्हणून आजही दाखवली जातात. तिथे सालाशिवाय दुसरं काही पाहायची गरजच नाही.

प्रजासत्ताक भारताच्या चलनी रुपयात चांदी कधीच नव्हती. चांदी आली ती फक्त स्मारक नाण्यांत. १९६९ चं गांधी शताब्दीचं दहा रुपयांचं नाणं १५ ग्रॅमचं, ८० टक्के चांदीचं. त्याच मालिकेतला रुपया आणि पन्नास पैसे मात्र निकेलचे. १९७२ चं स्वातंत्र्याच्या रौप्यमहोत्सवाचं दहा रुपयांचं नाणं साडेबावीस ग्रॅमचं, पण चांदी निम्मीच. १९७४ चं दहा रुपयांचं नाणं तांबं-निकेलचं. पितळी वीस पैशांत सोनं आहे अशी अफवा एकेकाळी गावोगाव पसरली होती, तीही निराधार, ते नाणं तांब्याच्या मिश्रधातूचं आहे.

आणि एक नाणं तर नाणंच नाही. ‘ईस्ट इंडिया कंपनी १८१८’ असं लिहिलेलं, एका बाजूला राम दरबार किंवा हनुमान असलेलं आणा किंवा अर्धा आणा. कंपनीने असं नाणं कधीही पाडलं नाही. ती देवस्थानांच्या आसपास विकली जाणारी, नंतरच्या काळात बनवलेली टिकली आहे, आणि तिच्यासाठी लाखांच्या बाता मारून लोकांना गंडवलं जातं. तांदूळ ओढते, काच फोडते असं सांगणाऱ्याला तर दारातही उभं करू नये.

खरोखर खिशातल्या चिल्लरीत चांदी सापडायची शक्यता आज परदेशातच उरली आहे. अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या मंडळींनी पाव डॉलरची कड पाहायची सवय लावावी. १९६४ पर्यंतचा पाव डॉलर आणि डाइम (दहा सेंट) ९० टक्के चांदीचे, कड अखंड पांढरी. १९६५ पासून मध्ये तांबं आणि बाहेर तांबं-निकेल, त्यामुळे कडेवर तांबूस रेघ दिसते. पाव डॉलरचं वजन ६.२५ वरून ५.६७ ग्रॅमवर आलं. पाच सेंटचं युद्धकाळातलं, १९४२ ते १९४५ चं नाणं ३५ टक्के चांदीचं आहे आणि ते ओळखायला टांकसाळीचं मोठं अक्षर मागच्या इमारतीच्या घुमटावर पाहावं. ब्रिटनची गोष्ट आपल्याशी फार जुळते. तिथे १९२० पासून चांदी निम्मी झाली आणि १९४७ मध्ये, म्हणजे आपल्या निकेलच्या रुपयाच्याच वर्षी, ती चलनातून पार गेली. तिथेही अमेरिकेची उसनी चांदी फेडायची होती.

विकायची झाली तर हिशेब सरळ आहे. जुन्या रुपयात १०.६९ ग्रॅम शुद्ध चांदी, चौधातू रुपयात ५.८३, झीज असेल तर थोडी कमी. त्या दिवशीच्या ग्रॅमच्या भावाने गुणा आणि सराफ घट-बट्टा किती धरतो ते आधी विचारा. दोन्ही जातीचे रुपये एकाच ढिगात ‘जुनी चांदी’ म्हणून तोलू देऊ नका, कारण मग सगळ्यांना निम्म्या चांदीचा भाव लागतो. जोवर नाणं काय आहे ते कळलं नाही तोवर चिंच, रांगोळी, राखुंडी, टूथपेस्ट यांनी ते घासू नका. घासून निघालेला काळा थर परत येत नाही आणि त्याबरोबर अक्षरांच्या बारीक धारा जातात, ज्यांच्यासाठी संग्राहक पैसे मोजतो. धूळ असेल तर कोमट पाण्यात बुडवून मऊ कापडाने टिपावं. शंभर वर्षांहून जुनं नाणं १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली येतं, ते देशाबाहेर नेता किंवा पाठवता येत नाही, हे परदेशातल्या मुलाबाळांना भेट पाठवणाऱ्यांनी जरूर लक्षात ठेवावं. आणि शेतात नांगरताना, घराचा पाया खणताना नाण्यांचं गाडगं निघालं, तर १८७८ च्या गुप्तधन कायद्याप्रमाणे आधी जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. अशा गाडग्यात कोणत्या राजाची, कोणत्या टांकसाळीची नाणी एकत्र पुरली होती, यावरूनच त्या भागाचा व्यापार कळतो, म्हणून ती वाटून न घेता जशी निघाली तशी एकत्र ठेवावीत.